नळ, चॅनेल आणि दिग्विजयचं लग्न

सोलापूर, ता. ६ मार्च

ती. शिवानंदअण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण गल्ली कान लावून बसलीय, म्हणून पत्र. तुमच्या भाच्यानं घोळ घातलाय. पाचव्या दिवशी येणाऱ्या पाण्याची बातमी करायला चॅनेलवाले आले होते. पाण्यापायी लग्न अडलेला मुलगा पाहिजे म्हणाले. खरे बिनलग्नाचे लाजून घरात दडले आणि साखरपुडा झालेला आमचा दिग्विजय पुढं झाला. चक्क डोळे पुसले! तिसऱ्या दिवसापासून नळाला रोज पाणी. चॅनेलवर रोज याचं तोंड आणि खाली शेंगा चटणीची जाहिरात.

आता गल्ली म्हणते, लग्न मोडा. शेजारची नागम्मा सांगून गेली, की पोराचं लगीन झालं की बातमी संपली अन् पाणी बी संपलं. दोन वर्सं थांबला तर काय म्हातारा हुतोय व्हय? अण्णा, स्थळ तुम्ही जमवलेलं. मला फार भीती वाटते. मुलीकडचे काय म्हणतात, लगेच कळवा. आपली माया आटू देऊ नका.

आपली धाकटी,
भुवनेश्वरी

दुधनी, ता. ११ मार्च

चि. सौ. भुवनेश्वरीस,
अ. उ. आ.

पोराला बक्षीस द्यावं की दोन थोबाडीत, ठरत नाही. व्याही गुरुसिद्धप्पांनी बातमी पाहिली. मी म्हटलं, मोडलं! पण जावई टीव्हीवर येतो म्हणून ते आडतीत छाती काढून फिरतात. त्यांच्या मुलीनं, शिवलीलानं मात्र एकच विचारलं, की तिकडं पाणी खरंच रोज येतं का. मी हो म्हणालो. आज तरी ते खोटं नाही.

लग्न इथं मठात गुपचूप उरकू. गल्लीत सुनेला भाची म्हणून सांग. काळजी करू नकोस, जेवत जा.

तुझा,
अण्णा

सोलापूर, ता. २ मे

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

अकरा दिवस सून भाची म्हणून नांदली. नवऱ्याच्या घरात भाची म्हणवून घेणं तिला पटेना. गेल्या आठवड्यात चॅनेलवाल्यांना तिनं सरळ सांगितलं, की मी याची बायको. झालं! पाणी पुन्हा पाचव्या दिवसावर. गल्लीनं बोलणं टाकलं.

तोड तिनंच काढली. पाण्यापायी सासर सोडणारी सून दाखवायला उद्या चॅनेल येणार आहे. गल्ली पुन्हा गोड झाली. नागम्मा सकाळपासून तिला रडायला शिकवतेय. दिग्विजय म्हणतो, नाटकच हाय की. मीही हसले.

पण अण्णा, हे पत्र दुधनीच्या एसटीतून हातोहात पाठवतेय, उद्या पहिल्या गाडीनं या. कॅमेऱ्यापुरती रिकामी बॅग चालली असती. मी तिची आत्ताच उचलून पाहिली. जड आहे.

वाट पाहणारी,
भुवनेश्वरी