शिवल्यांच्या डब्याबाबत सोनाबाई घरत यांचा खुलासा

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
जलप्रदूषण तक्रार निवारण कार्यालय,
अलिबाग, जि. रायगड.

विषय : आरोग्यास अपायकारक पदार्थ कार्यालयात आणल्याबद्दलचा खुलासा, व त्यावरून कारखान्यावर कारवाई होणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दि. ६ मार्च २०२५.

महोदय,

श्रीमती सोनाबाई अंबाजी घरत, रा. खारआवळे, यांना वरील नोटीस मिळाली. त्यांना लिहिता येत नसल्याने त्यांच्या सांगण्यावरून हा खुलासा त्यांची सून लिहीत आहे.

१. सोनाबाई ओहोटीला गावच्या खाडीत उतरून शिवल्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढतात व रेवदंड्याच्या बाजारात विकतात. मिठागरातले काम बंद पडल्यावर घर या विक्रीवरच चालले. गेल्या पावसाळ्यानंतर खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या रंगाच्या कारखान्याने आपला सांडपाण्याचा नळ चिखलात सोडला. तेव्हापासून पाण्यावर जांभळट साय धरते, शिवल्या तोंड वासून मरतात आणि सोनाबाईंच्या पोटऱ्यांवरचे फोड भरून येत नाहीत.

२. त्यांनी आपल्याकडे तक्रार केली. आपण ती "उचित कार्यवाहीसाठी" त्याच कारखान्याकडे पाठवली. कारखान्याने पाणी स्वच्छ असल्याचे कळवले आणि "आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे" असा संदेश सोनाबाईंचा मुलगा हरेश्वर याच्या मोबाइलवर आला. तो न्हावा शेव्याला ट्रेलर घेऊन रांगेत होता. नळ बंद झाला असे समजून त्याने आनंदाने आईला फोन केला. त्या वेळी सोनाबाई फोडांना खोबरेल लावत बसल्या होत्या.

३. दुसऱ्या तक्रारीनंतर आपले पाहणी अधिकारी आले, तेही कारखान्याच्या गाडीतून. खाडीला भरती होती, नळाचे तोंड पाण्याखाली होते. ओहोटी लागेपर्यंत थांबा, मग नळ डोळ्यांनी दिसेल, असे सोनाबाईंनी हात जोडून सांगितले. साहेबांना सवड नव्हती. कारखान्यात जेवण तयार होते. त्यांनी पुलावरून बाटली सोडून भर प्रवाहातले पाणी घेतले. अहवाल आला : पाणी जलचरांस योग्य, तक्रारीत तथ्य नाही.

४. सुनेने तो वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सोनाबाईंनी नळापाशी जिवंत उरलेल्या शिवल्या वेचल्या, वाटण घालून कालवण केले आणि डबा घेऊन एसटीने आपले कार्यालय गाठले. साहेबांच्या घरून जेवण आले असे वाटून शिपायाने अडवले नाही. टेबलावर डबा उघडताच खोलीभर रॉकेलसारखा वास सुटला. पाहणी अधिकाऱ्यांनी नाकाला रुमाल लावला.

सोनाबाई म्हणाल्या, "पानी चांगला हाय, आसा तुमीच लिवलाय. मंग दोन घास खावा."

साहेब म्हणाले, "बाई, हे खाल्लं तर माणूस मरेल."

"मंग मी लोकांना काय विकू?"

खिडक्या उघडल्या गेल्या आणि डबा जप्त झाला. ज्या कार्यालयाला नळ तपासायला सवड नव्हती, त्याने डबा मात्र तातडीने तपासून घेतला. शिवल्यांत घातक रंगद्रव्ये आढळली, असे आपल्याच नोटिशीत नमूद आहे.

५. सबब खुलासा असा की, आरोप पूर्णपणे मान्य आहे. पदार्थ अपायकारकच होता. तो कुठून आला, हे नोटिशीत विचारलेले नाही; तरी कळवण्यात येते की तो कारखान्याच्या नळापासून दहा पावलांवर निघाला. तरी आपला आधीचा अहवाल रद्द करावा, नळ बंद करावा आणि फेरपाहणी ओहोटीला करावी, अधिकाऱ्यांनी सरकारी गाडीतून यावे.

६. त्या दिवसापासून सोनाबाईंनी शिवल्या विकणे सोडले आहे. बाजारात कोणाला काही माहीत नाही. गिऱ्हाइके घरी येऊन मागतात. "नको गो, माझ्या हातचा आता नको," म्हणून त्या त्यांना परत पाठवतात आणि दुसऱ्यांची कोलंबी सोलायला जातात. जे माणसाला खाऊ घालू नये ते विकायचे नाही, एवढे त्यांना कळले. त्यासाठी कोणाची नोटीस लागली नाही.

सुनावणीस त्या हजर राहतील. आपल्याकडे आलेल्यास चहा विचारण्याची पद्धत आहे. सोनाबाईंना तो विचारू नये. आपल्या टेबलावरचे काही त्यांच्या घशाखाली उतरणार नाही.

खुलासा देणार : सोनाबाई अंबाजी घरत (डाव्या हाताचा अंगठा)
लिहिणार : प्राप्ती हरेश्वर घरत

खारआवळे, दि. १२ मार्च २०२५

सोबत : नोटिशीची प्रत; सोनाबाईंच्या पायांचे फोटो.