खाडीच्या खोलीची वही

१४ मार्च

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुमची आणि जाऊबाईंची तब्येत बरी असेल, असं धरून चालते. माझे गुडघे कुरकुरतात, पण जिना चढते. मोरीतला नळ अखेर दुरुस्त झाला. धक्क्यावरच्या शेवटच्या दोन क्रेन परवा उतरवल्या. खिडकी उघडी ठेवली तरी आता कसलाच आवाज येत नाही.

वाचनालयात रोज जाते. पेपरात नकाशा आला होता. एका परक्या देशाचा पैसा आपल्या बंदरामागे होता, दुसऱ्याचा पलीकडच्या बंदरामागे. दोघांनाही माल आपल्याच वाटेनं न्यायचा आहे. आपल्या धक्क्यापर्यंत येणारी रेल्वेची रेघ आता पलीकडे वळली. कारण एका ओळीत दिलंय: इथे गाळ फार.

घरी येऊन लिहायला बसले. तीन कागद फाडले.

ह्यांची वही मी जाळली नव्हती.

तीस वर्षं हे लाँचमधून खाडीची खोली मोजायचे. कुठला गाळ उपसला तरी वर्षात परत भरतो, ते फक्त त्या वहीत होतं. “दादाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, वाचायला वहिनीच हवी,” असं तुम्हीच चिडवायचात. खरंच होतं. मी वाचायला शिकले तीच त्या वहीवरून.

गेल्या वर्षी ह्यांची वही बघायला दोन माणसं आली. अदबीनं बसली. म्हणाली, “बाई, आम्हाला हे अक्षर लागत नाही. तुम्ही वाचून दाखवाल?” हे गेल्यापासून कुणी मला काही वाच म्हटलं नव्हतं. दोन दिवस वाचलं, भाऊजी. मध्ये चहा करून वाचलं. कुठल्या कंपनीचे, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं.

मग खोलीचे आकडे पलीकडच्या बंदराला फुटल्याची चौकशी लागली. तुम्ही जहाजं ओढणारी टग चालवणारे, ह्यांचे सख्खे भाऊ. बोट तुमच्याकडेच वळलं. साहेबांनी मला विचारलं, “वही कुठे आहे?” मी म्हटलं, “जाळली.” महिन्याभरापूर्वीच तुम्ही ती माझ्या उशाशी पाहिली होती. तुम्ही तिथेच उभे होतात. माझ्याकडे बघितलंत आणि गप्प बसलात. तुमची नोकरी गेली. लोकांनी बोलणं टाकलं. घर सोडून निघालात, तेव्हासुद्धा पायरीशी येऊन “वहिनी, जपा” म्हणालात. मला दार पूर्ण उघडवलं नाही.

काल सगळं खरं लिहून बंदराच्या कचेरीत गेले. कारकून फायली बांधत होता. म्हणाला, “काकू, बंदरच बंद झालं. हा कागद घ्यायला साहेब आहे कुठे?”

“मग माझ्या दिरावरचा ठपका कोण काढणार?”

“तो फायलीसोबत गेला,” म्हणाला, आणि गाठ मारली.

तो कागद सही करून सोबत ठेवलाय. कुणाला दाखवायचा, ते मलाही ठाऊक नाही. निदान जाऊबाईंना कळू दे, त्यांनी कुणाशी लग्न केलं ते. तुमचं उत्तर आलं नाही तर मी वाट बघणार नाही, असं लिहिणार होते. पण आता खोटं नको.

जिच्यासाठी तुम्ही गप्प बसलात,
ती वहिनी