दोन्ही वाटांवर डहाळ्या

१२ नोव्हें.
दादा परवा डोंगरावर गेला तो आलाच नाई. फोन बंद. वहिनी म्हणते, "रुसला असन. पोट खपाटीले लागलं का येईन." ती धान कापायले गेली. मी अंगणवाडीत. पोरांले गाणं शिकवताना मधलंच कडवं विसरली.
सगळं त्या ट्रेकवाल्यांवरून. दादा धानोऱ्याहून पाहुणे आणते, डोंगर चढवते. वाट पेनठाण्यावरून जाते, आमच्या देवाच्या जागेवरून. गावच्या बैठकीनं सांगतलं, ती वाट बंद. दादा म्हणाला, "मंग मी बी बंद." म्हणजे काय, कोणाले समजलं नाई. मलेही नाई.

१३ नोव्हें.
फाट्यापर्यंत जाऊन आली. एक वाट वर पेनठाण्याकडे, एक खाली नाल्यावरून पलीकडच्या गावाले. आमच्यात पुढं गेलेला माणूस ज्या वाटेनं गेला नाई, तिच्यावर डहाळी आडवी टाकते. मागच्यानं उघडी वाट धरायची.
दोन्ही वाटांवर डहाळी. दोन्ही हिरव्या. किती वेळ उभीच राह्यली. मंग परत.

१४ नोव्हें.
वहिनी म्हणे, एक त्याची, एक बैठकवाल्यांची. पटलं. पण कोणती कोणाची? बैठकीतल्या लालसूकाकाले विचारलं. "आम्ही काऊन टाकू? आम्ही त तोंडानं सांगतलं."
झालं. धड इकडं नाई, धड तिकडं नाई. लय राग येऊन राह्यला दादाचा. लहानपणी लपाछपीत दोन्ही वाटा बंद केल्या का त्याचा अर्थ, शोधू नको, घरी जा. पण तो खेळ होता. आता त्याचे केस पिकले, अन्...

१६ नोव्हें.
पुन्हा गेली. वरच्या वाटेवरची डहाळी बाजूले, झाडाले नीट टेकवलेली. वाऱ्याचं काम नोहे. दादा बोलावून राह्यला का? का ढोरं नेणाऱ्यानं सरकवली? वर पेनठाण्याकडे बाया जात नाईत. खालूनच हाक मारली, दोनदा. वर कोणी खोकललं वाटलं. दादा तसाच खोकलते. मंग वाटलं, नाई, भास असन.
वहिनीले म्हणलं, पहाटे जाऊन पाहीन. तिनं डबा काढला, भात दाबून दाबून भरला.
"एवढा कोणाले?"
"दोघांले."
अन् चुलीकडं तोंड करून रडली. चार दिवस रुसला रुसला म्हणणारी हीच.
बाईनं वर जावं का नाई, मले अजून उमजत नाई. देवाच्या जागेआधी चपला कुठी काढायच्या, तेवढं माहीत आहे.