अप्पांचा हंस

तंजावूर, रविवार, १९९७

आज मशीन पहिल्यांदा नीट चाललं. जुन्या प्रिंटरच्या मोटारी, घरीच जुळवलेली चौकट, आणि कॉम्प्युटरने सांगितलं तसा फणसाच्या लाकडात हंस कोरला गेला. अप्पा वीणेवर कोरायचे तोच. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात उठत नाही, म्हणून तर हा खटाटोप. पण हंस त्यांच्यापुढे ठेवताना वाटलं, मी त्यांना मदत करतोय की त्यांची जागा घेतोय?

अप्पांनी डाव्या हाताने हंस चाचपला. मानेवर बोट थांबलं.

"मान ताठ आली. हंस आहे, पोलीस नव्हे."

"किती वाकवू?"

"दाखवतो. खुर्ची मशीनजवळ घे."

मी कॉम्प्युटरवर हंसाची मान वाकवत राहिलो, ते नाही म्हणत राहिले. संध्याकाळी आईने जेवायला हाक मारली, तर अप्पाच म्हणाले, "थांब जरा. आम्ही कामात आहोत."