भोंग्याचा हुकूम

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. हे पत्र आईलाही वाचून दाखव. धरणफुटीच्या स्मृतिदिनी ज्यांना पहिल्या रांगेत बसवतात आणि मनातलं बोलू देत नाहीत, त्या आपल्या सगळ्यांसाठीच ते आहे.

यंदाही मला बोलायला बोलावलंय, पण भाषण सरकारी साहेबांनीच टाइप करून पाठवलंय! बाबा आणि खालची अख्खी वस्ती म्हणे निसर्गाच्या कोपानं गेली. त्या दिवशी देशभर झेंडे खाली येतात, यांची मान मात्र खाली येत नाही. इतकी वर्षं घसा फोडला, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. थकले रे. यंदा येत नाही. आईचे गुडघे कसे आहेत?

तुझी,
अक्का

११ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.
तू गप्प बसणार हे ऐकून आई म्हणाली, पोरीचा ताप बघा आधी.

गुडघे कशानं बिघडले ते तुला कळवलं नव्हतं. श्रद्धांजलीचा भोंगा वाजला की आई दरवर्षी उठते आणि हाताला लागेल त्याला ओढत गच्चीकडे धावते. गेल्या वर्षी जिन्यात पडली. म्हणते, पाणी येत नाहीये हे मला कळतं, पण पाय ऐकत नाहीत. पुन्हा पडली तर उठायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तुझ्याकडे जा म्हटलं, तर बाबांच्या दिवशी घर सोडणार नाही म्हणते.

आणि भोंगा वाजवतो कोण? मीच, धरणावरचा फिटर. साहेबांना विनवलं. ते म्हणाले, वरून लेखी हुकूम आहे, आईच्या कानात कापूस घाल. अगं, खिडक्यांच्या काचा थरथरतात, कापसानं काय होणार? नोकरीचीही भीती वाटते. काय करू?

तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेला,
धाकटा

१६ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. धरण फुटलं त्या दिवशी भिंतीला तडा दिसत होता. भोंगा शाबूत होता, माणूस जागेवर होता. वरून हुकूम येईना, म्हणून त्यानं बटण दाबलं नाही. पाणी आलं तेव्हा लोक ताटावर होते. आता हुकूम आठवडाभर आधी येतो! जीव वाचवायचे तेव्हा भोंगा मुका, आणि आता गळा काढायला सर्वांत पुढे.

नोकरीबद्दल खोटा धीर देत नाही, जाऊ शकते. गेली तर माझं घर आहे, आणि तुझ्या बायकोची बोलणी मी खाईन.

मी येते. त्यांचं भाषण नाही, माझं करते. भोंगा का वाजला नाही, ते व्यासपीठावरून मी सांगेन. तू आईजवळ बस. तेव्हा एकानं हुकूम नाही म्हणून बटण दाबलं नाही. यंदा हुकूम असला तरी तू दाबू नकोस.

लोभ आहेच, आता धीरही धर.
तुझी,
अक्का