एकतीस जानेवारीच्या आत

॥ श्री ॥

सेंट क्रॉय बेट, यू. एस. व्हर्जिन आयलंड्स
विजयादशमी, ५ ऑक्टोबर २००३

ती. सौ. प्रतिमावहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्हां दोघांकडून दसऱ्याचं सोनं घ्यावं. इथे आपटा नाही. चिंच पुष्कळ, तेव्हा तिचीच पानं देवाला वाहिली आणि क्षमा मागून घेतली.

एडिसन सोडून आज तीन महिने झाले. अकरा वर्षं तुम्ही वर, आम्ही खाली, मध्ये तेरा पायऱ्या. वाटीभर साखर मागायला यायचं आणि दोन तास बसायचं, ही सवय काही जात नाही. ह्यांची तिथली नोकरी गेली आणि साठीला टेकताना इथे समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात लागली. देवाने दिलं, तक्रार नाही. नावाला हीसुद्धा अमेरिकाच, तुम्हाला पत्र टाकायला तेच सदतीस सेंटचं तिकीट चालतं. गाड्या मात्र आपल्या देशासारख्या डावीकडून चालवतात, आणि त्यांचं चाकही डावीकडेच. म्हणजे शेजारी बसणारी बाई थेट समोरच्या ट्रकच्या वाटेत. बाजारात पोचेपर्यंत माझी रामरक्षा दोनदा होते.

घराच्या छपरावरचं पावसाचं पाणी खालच्या टाकीत साठतं, तेच वर्षभर वापरायचं. रोज सकाळी काठी बुडवून पाहते आणि किती उरलं ते वहीत लिहिते. हे म्हणतात, गोड्या पाण्याचा इंजिनिअर मी आणि हिशेब तुझ्याकडे. मुंगूस दिसलं की शुभ म्हणतात ना, इथे दर पाच मिनिटांनी दिसतं, इतकं शुभ कुठे ठेवू ते कळत नाही.

पण वहिनी, माणसं बोलत नाहीत हो. दुकानात जाते, आपल्या रीतीप्रमाणे खाली मान घालून, कुणाला त्रास न देता गल्ल्यापाशी उभी राहते. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीची मलाच धास्ती. ती बाई मान वर करत नाही. मागून आलेल्यांना देते, मला ताटकळत ठेवते. शेजारच्या म्हाताऱ्या मिस अगाथा तर मला पाहून तोंड फिरवतात. आपण कुणाचं काय केलं, ह्या विचाराने दोनदा रडूही आलं.

ह्यांचा करार जूनपर्यंत आहे. पुढे दोन वर्षं राहणार का, ते एकतीस जानेवारीच्या आत कंपनीला कळवायचं आहे. नाही म्हटलं तर हे निवृत्तच होतील आणि आम्ही तिकडे येऊ. आमची जुनी जागा रिकामी होते आहे का, तेवढं पाहून ठेवा.

मोठ्या भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
शरयू

॥ श्री ॥

एडिसन, न्यू जर्सी
२८ ऑक्टोबर २००३

चि. सौ. शरयूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी अनरशांशी झुंजत होते. ते सगळे तुपात विरघळले. तू असतीस तर पीठ पाहूनच सांगितलं असतंस. तुझे भाऊजी म्हणाले की चव चांगली आहे, चमचा दे.

जागेचं ऐक. खालची मंडळी जानेवारीअखेर टेक्सासला जात आहेत. मी त्याच दिवशी मॅनेजरकडे गेले आणि सांगितलं की ती जागा आमचीच आहे, मध्ये जरा दुसरे लोक राहून गेले. तो हसला, पण नाव लिहून घेतलं.

तिथल्या लोकांचं मनाला लावून घेऊ नकोस. बेटावरची माणसं ती, आपापल्या पाण्याने वेढलेली. तू ये. शनिवारचं भजन तुझ्यावाचून बेसूर झालंय. पेटी आहे, टाळ आहेत, पण सुरुवात कुणी करायची ह्यावरून दर वेळी मानापमान. ओक ट्री रोडवर नवं वाणसामानाचं दुकान निघालंय, त्याच्याशी घासाघीस करायला मला जोडीदारीण नाही. एकटीने भांडण्यात मजा नसते.

आमचा ईशान सांता क्लाराहून दिवाळीला येणार होता, ऑफिसमुळे कॅन्सल केलं. असो. चारूभावजींना आशीर्वाद.

तुझी वाट पाहणारी
प्रतिमावहिनी

॥ श्री ॥

सेंट क्रॉय
३० नोव्हेंबर २००३

ती. सौ. प्रतिमावहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

मोठीच फजिती सांगायची आहे, भाऊजींना वाचून दाखवू नका.

तीन आठवड्यांपूर्वी मिस अगाथा आमच्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. पंच्याहत्तरीच्या, जन्मभर शाळामास्तरीण. त्यांनी मला विचारलं की चार महिने तू माझ्या दारावरून जातेस, एकदा तरी गुड मॉर्निंग म्हणालीस का. मी म्हटलं, तुम्ही मोठ्या, तुम्ही बोलल्याशिवाय मी कशी बोलू. तर त्या म्हणाल्या की इथे जो येतो त्याने आधी बोलायचं. दुकान असो, दवाखाना असो, बस असो, पाय आत टाकला की सगळ्यांना मिळून गुड मॉर्निंग. न बोलता उभं राहणारा माणूस एक तर चोर असतो नाही तर फार मोठा अहंकारी, आणि तू चोर दिसत नाहीस. म्हणजे बघा, मी ज्याला मर्यादा समजत होते त्याला अख्खं बेट ताठा समजत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, देवाचं नाव घेतलं आणि दारातूनच मोठ्याने गुड मॉर्निंग म्हटलं. सगळ्या रांगेने उत्तर दिलं, कोपऱ्यातल्या आंधळ्या आजोबांनीसुद्धा. गल्ल्यावरच्या बाईने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. चार महिने ती माझं लंगडणं पाहत होती, वहिनी.

त्या गुडघ्यांपायी मिस अगाथांनी मला समुद्रावर नेलं. इथल्या म्हाताऱ्या बायका रोज सकाळी सी बाथ घेतात. पोहत नाहीत. डोक्याला गवती टोप्या घालून गळ्याएवढ्या पाण्यात गोल करून उभ्या राहतात आणि तासभर सुनांबद्दल बोलतात. पाणी काचेसारखं, आपले पाय आपल्याला दिसतात. मी पंजाबी ड्रेसात, ओढणीला चार पिना. आधी गंगे च यमुने च म्हणून अकरा बुड्या मारते, तोवर त्या थांबतात. आता त्याही मोजतात, आणि दहावर थांबले तर एक राहिली म्हणून सांगतात. मला सुना नाहीत, म्हणून तुमची होणारी सून, ईशानची बायको, मी त्यांना सांगून टाकली आहे. ती थोडी आळशी आहे.

खरं सांगू, मला इथे फार बरं वाटायला लागलं आहे. पण हे रोज संध्याकाळी ओट्यावर बसतात, समुद्राकडे बघतात आणि एवढा मोठा उसासा टाकतात. विचारलं तर काही नाही म्हणतात. भाऊजींची आठवण येते, दुसरं काय. म्हणून मीही एडिसन-एडिसन करते. माझं मन इथे रमलं आहे हे ह्यांना अजिबात कळू देऊ नका, नाही तर माझ्यासाठी मन मारून राहतील. आम्ही येतोच आहोत. जागेचं पक्कं करा.

आशीर्वादाची आस धरून,
शरयू

सेंट क्रॉय
७ डिसेंबर २००३

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे कुणी आजारी आहे असं समजू नकोस. ऑफिसातून लिहितोय, कारण घरी शरयूची नजर टाकीतल्या पाण्यावर असते तशी माझ्यावरही असते.

वहिनी, तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी कॉलेजात होतो, तेव्हापासून माझी गुपितं तुझ्याकडे. हेही ठेव. मला हे बेट सोडवत नाही. कारखान्यामागे झाडाखाली चार निवृत्त गृहस्थ रोज साडेचारला डॉमिनो खेळतात. मी पाचवा. सोंगटी नुसती ठेवायची नसते, टेबलावर आपटायची असते, आणि आपटताना समोरच्याच्या घराण्याबद्दल दोन शब्द बोलायचे असतात. ते मी मराठीत बोलतो, त्यांना फार आवडतं. तीस वर्षांत प्रथमच मला संध्याकाळ काय असते ते कळलं. एडिसनला मी सहाला पोचायचो आणि जेवून झोपायचो.

पण शरयूचे इथले पहिले महिने फार वाईट गेले. रडायची, मला दिसू न देता. अजूनही उठता-बसता एडिसन. लग्न झाल्यापासून तिने माझ्या नोकऱ्यांमागे सामान बांधलं, आता तिच्या मनासारखं होऊ दे. जानेवारीत मी कंपनीला राहत नाही असं कळवणार. मात्र मला इथे आवडतं हे तिला सांगू नकोस. कळलं तर मन मारून इथेच राहील आणि वर म्हणेल की मला काय, कुठेही करमतं.

रोज संध्याकाळी ओट्यावर बसून समुद्र बघून घेतो. दादाला नमस्कार.

तुझा
चारू

॥ श्री ॥

एडिसन
१८ डिसेंबर २००३

चि. सौ. शरयूस,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते. जागेचा अर्ज तुमच्या नावाने भरून दिला. खिडक्यांची मापं घेतली, पडद्यांचं कापड आणलं, मोरपंखी. तुला मोरपंखी आवडत नसेल तर आता आवडून घे.

तुझ्या त्या अगाथाबाईंबद्दल वाचलं. पाण्यात फार वेळ उभं राहू नये, संधिवात होतो. आणि माझ्या सुनेला परक्या बायकांत आळशी म्हणायची काही गरज नव्हती, ती यायची आहे अजून.

चारूभावजींचं वेगळं पत्र वगैरे काही नाही. त्यांना कुठला वेळ. पण त्यांच्या मनात इकडे यायचंच असणार, तू म्हणतेस तसं.

इथे बर्फ फार. ह्यांची आगगाडी रोज उशिरा.

तुझी
प्रतिमावहिनी

॥ श्री ॥

एडिसन
१६ जानेवारी २००४

चि. चारूभावजी आणि चि. सौ. शरयू यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत संक्रांतीचा हलवा आहे. तो आधी खा आणि मग पुढचं वाचा.

भावजींचं पत्र नाही असं मी लिहिलं, ते खोटं होतं. ते बारा डिसेंबरला आलं. शरयूचं त्याआधीच आलं होतं. दोन्ही देवघरात, गणपतीच्या पाटाखाली ठेवली, आणि महिनाभर रोज त्याच गणपतीला हळदकुंकू वाहिलं. काल तिळगूळ ठेवायला पाट उचलला आणि त्याच्याकडे पाहवेना.

दोघांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, म्हणून गप्प राहिले असं म्हणता आलं असतं. पण ते कारण नव्हतं. तुम्ही दोघं यावं असं मला वाटत होतं, तुमचं खरं काय ते मला नको होतं. हे सहा चाळीसला बाहेर पडतात, साडेसातला येतात, जेवतात आणि बातम्यांपुढे डुलकी घेतात. मधल्या तेरा तासांत मी एक शब्द बोलत नाही, गणपतीशी बोलते तेवढंच. खालच्या घरात कपबशीचा आवाज झाला की मला तू वाटायचीस, शरयू. ती मंडळी गेली तर तोही जाईल. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांना तर नाहीच. सांगायचं काय त्यात, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

भावजींचं पत्र शरयूने वाचावं आणि शरयूचं भावजींनी. दोन्ही ह्या पाकिटात घातली आहेत. दिलेला शब्द मोडला, त्याचं पाप माझ्या माथी. जागेचा अर्ज आजच परत घेतला. मॅनेजर पुन्हा हसला.

एकतीस तारखेला पंधरा दिवस आहेत. मला बरं वाटावं म्हणून काही ठरवू नका.

रागावलात तरी पत्र टाकत जा.

प्रतिमा

॥ श्री ॥

सेंट क्रॉय
२४ जानेवारी २००४

ती. सौ. प्रतिमावहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट ह्यांनीच फोडलं. ह्यांचं पत्र मी स्वयंपाकघरात वाचलं, माझं ह्यांनी ओट्यावर. मग हे आत आले आणि मला म्हणाले की उसासे कमी करायला हवे होते. मी म्हटलं, आणि त्या चार गृहस्थांच्या घराण्यांबद्दल तुम्ही नक्की काय बोलता, ते आधी सांगा. लग्नाला चौतीस वर्षं झाली, आणि एकमेकांचं मन कळायला एडिसनचा वळसा घ्यावा लागला.

ह्यांनी सोमवारी कंपनीला हो कळवायचं ठरवलं आहे. दोन वर्षं. तुम्ही लिहायला लावलंत म्हणून स्पष्ट लिहिते, आम्हांला दोघांनाही आनंद झाला आहे.

राग मला आला, तो निराळ्याच गोष्टीचा. महिनाभर पत्रं लपवली ते जाऊ दे. पण अकरा वर्षं मी तुमच्या घरी साखर मागायला येत होते, तेव्हा एकदाही म्हणाला नाहीत की बस गं, मला कंटाळा येतो. उलट, किती वेळ बसतेस, कामं पडली आहेत, असंच म्हणायचात. मी बापडी उठून जायची. आता ह्यापुढे भजनाची, दुकानाची, बर्फाची बातमी नको. तुमचं स्वतःचं लिहा.

आणि शिक्षा ठरली आहे. आठ फेब्रुवारीचं तुमचं इकडचं तिकीट काढलं आहे, दोन आठवड्यांचं. मोठ्या भाऊजींना रजा नाही, हे मी त्यांना फोन केला तेव्हा कळलं, आणि तुमचं येणंही तेव्हाच सांगितलं. ते चकित झाले. प्रतिमाला कुठे जायचं असेल असं मला कधी वाटलंच नाही, म्हणाले. जाड कपडे आणू नका.

नमस्कार पोचता करते, पायांवर डोकं समोरासमोर ठेवीन.

शरयू

॥ श्री ॥

सेंट क्रॉय
महाशिवरात्र, १८ फेब्रुवारी २००४

श्री. ईशानचे बाबा यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. लग्नाआधी रीत नव्हती आणि नंतर कारण पडलं नाही.

भाजी फ्रीजरमध्ये वारांच्या नावांनी ठेवली होती, ती रविवारी संपेल. माझं परतीचं तिकीट मी होळीनंतरचं करून घेतलं आहे. चारूभावजींनी मदत केली, त्यांना बोलू नका. वरण तुम्हाला येतं. येत नाही असं तुम्ही म्हणाल, पण ईशानच्या वेळी मी दवाखान्यात होते तेव्हा तुम्ही नऊ दिवस केलं होतं.

आज पहाटे समुद्रात गेलो. त्या बायकांनी मला मधे घेतलं आणि विचारलं की तुझं काय चाललं आहे. मी इंग्रजीत सांगायला लागले आणि पुढे मराठीत कधी शिरले ते मला कळलं नाही. कुणी थांबवलं नाही. शरयू जमेल तितकं सांगत होती, उरलेलं त्यांना तसंच समजत होतं. तासाभराने बाहेर आले तेव्हा घसा बसला होता. इतकं मी गेल्या दोन वर्षांत बोलले नव्हते, आणि त्यातलं पुष्कळसं खरं म्हणजे तुम्हाला सांगायचं होतं. आल्यावर सांगीन. त्या दिवशी बातम्या लावू नका.

रोज फोनवर तुम्ही म्हणता की सगळं ठीक चाललं आहे. असेलही. पण तुम्हीही सकाळी सहा चाळीसपासून संध्याकाळपर्यंत कुणाशी काय बोलता, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारते. तुम्हाला तिथे करमतं का, ते खरं खरं लिहून कळवा. गाडीत बसून लिहा, वेळ भरपूर असतो.

ते पत्र मी कुणाला दाखवणार नाही, असा शब्द मात्र देत नाही. माझं त्यातलं रेकॉर्ड तुम्हाला ठाऊक आहेच.

उत्तराकडे डोळे लावून,
प्रतिमा