चाड्यावर मूठ कोणाची

वडीगोद्री, ता. अंबड
१४ जून २००६

प्रिय शरयू,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पोस्टमन संपत म्हणाला, "काका, औरंगाबादचं हाय, जाडजूड हाय," आणि पाणी पिईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत बसला. मी काही त्याच्यासमोर फोडलं नाही. उत्तराला पाच दिवस लागले म्हणून काका आळशी झाले असं समजू नकोस. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. त्या चारांत नुसत्या सर्व्हरच्याच गोष्टी होत्या.

तुमच्या दवाखान्यात सर्व्हरची नवी आवृत्ती बसणार आणि त्याची सगळी जबाबदारी घे म्हणून साहेबांनी तुला तिसऱ्यांदा विचारलंय. दोनदा तू नको म्हणालीस. आता एक तारखेपर्यंत काय ते सांगायचंय. तू लिहितेस, "नव्या आवृत्तीत काय काय आहे ते तुमच्या शब्दांत सांगा काका, मग ठरवते. पण खरं सांगू, डिलीट लिहिलं की बटण अजून दुसऱ्या कोणाला तरी दाबायला लावते." हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की आता चष्मा काढला तरी दिसतं.

तर आधी तू विचारलेलं. हायवेच्या कडेला माझा छोटा क्लास आहे, तिथल्या मशीनवर मासिकासोबत आलेली चाचणीची सीडी टाकून महिनाभर ही आवृत्ती चालवून पाहिली. चांगली आहे. यात मोठ्या कामाच्या आधी अख्ख्या डेटाबेसचा फोटो काढून ठेवता येतो; घोळ झालाच तर त्या फोटोपाशी माघारी येता येतं. पण फोटोला बॅकअप समजू नकोस. भिंत पडली की भिंतीवरची तसबीरही पडते. डिस्क गेली तर फोटोही गेला.

बॅकअप घेताना ही आवृत्ती पान न् पान तपासून घेते, तसं तिला सांगावं मात्र लागतं. तरी नुसतं त्यावर विसंबू नकोस. आपण जालन्यात बियाण्याच्या कंपनीत होतो. पोतं शिवलं, लेबल लागलं म्हणून कोणी माल बाहेर पाठवायचं का? शंभर दाणे मोजून ओल्या कागदात गुंडाळायचे, आठ दिवसांनी कोंब मोजायचे, मंग पुढचं. आणि आपला बॅकअप? रोज संध्याकाळी टेप घातली, वहीत बराबर खूण केली, टेप कपाटात. दोन वर्षांच्या खुणा होत्या त्या वहीत, सगळ्या माझ्या अक्षरात. एकदाही कुठली टेप उघडून पाहिली नाही. तू म्हणाली होतीस, आठवतं? "काका, एक दिवस दुसऱ्या मशीनवर उतरवून बघू या ना." मी म्हणालो होतो, "अगं, झाकलेलं दूध सारखं उघडून बघितलं की नासतं." काय पण उपमा सुचली मला! तुझं ऐकलं असतं तर टेप दोन वर्षं कोरीच फिरत होती हे तेव्हाच कळलं असतं. महिन्यातून एकदा बॅकअपची उगवण चाचणी कर. आणि बदलांची नोंद ठेवणारी जी वही सर्व्हर स्वतः लिहितो, तीही जपून ठेव. डिस्क भरते म्हणून मी ती सारखी पुसायला लावली होती. ती असती तर कोणत्याही मिनिटापाशी मागं जाता आलं असतं.

तू पंच्याण्णव साली आलीस तेव्हा मी काय होतो? गोदामात पोत्यांना लेबलं लावणारा मॅट्रिक नापास बद्रीनाथ. शब्दकोश मांडीवर घेऊन मॅन्युअल वाचून वाचून कॉम्प्युटरवाला झालेला. तुझ्याकडं पदवी होती, पण पहिल्या दिवशी तूच म्हणालीस, "काका, मला शिकवा." प्रायमरी की म्हणजे काय, हे मी तुला सातबाऱ्यावरच्या गट नंबरावरून सांगितलं. एका नावाची चार माणसं गावात असतील, पण एका गट नंबराची दोन शेतं नसतात. तू किती हसलीस! आणि मंग वहीत तसंच लिहून घेतलंस.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, हे तर पहिल्या दिवशीच कर. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड दे. कोणालाही लागेल तेवढीच मुभा दे. या आवृत्तीत अशी सोय आहे की कोणी टेबल उडवायला गेलं तर सर्व्हर आडवा येतो, आणि कोण, कुठून, किती वाजता आला होता हे लिहून ठेवतो. आपल्याकडं तू, मी आणि प्रयोगशाळेतला धर्मराज, तिघांना मिळून एकच नाव आणि एकच पासवर्ड, 'तिफण'. तो मीच ठेवला होता आणि मला त्याचं कौतुक होतं. आज इथं रस्त्यापलीकडं पेरणी चाललीय. तिफणीला बी सोडायचं चाडं एक, खाली नळ्या तीन. बाई चाड्यावर मूठ धरून चालते, दाणा कोणत्या नळीतून कुठं पडला हे कोणी सांगू शकत नाही. पेरणीत ते चालतं. सर्व्हरवर चालत नाही, पोरी.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात तेच झालं. खरिपाचा माल बाहेर पडायची घाई, आणि धर्मराज ओरडत आला, "काका, लॉटच दिसून न्हाई राह्यले!" उगवण चाचणीच्या नोंदींचं अख्खं टेबल गेलं होतं. काकासाहेब खुद्द मालक, पण जिना चढून आपल्या खोलीत आले. "कोणाचा हात लागला?" सर्व्हरला विचारलं तर त्यानं तेच एक नाव सांगितलं, जे आपल्या तिघांचं होतं. हुकूम गेला ते मशीन तुझं होतं, आणि तू नुकतीच सरावाच्या प्रतीतलं त्याच नावाचं टेबल उडवलं होतंस. तू पांढरीफटक पडलीस आणि म्हणालीस, "माझ्याकडूनच चुकीच्या खिडकीत झालं असेल." काकासाहेब तापले. तेव्हा मी पुढं झालो आणि म्हणालो, "लेकरू आहे साहेब, माणूस आहे, चुकतं. सोडून द्या." त्यांनी सोडलं. तू नाही सोडलंस. आठ दिवसांत राजीनामा दिलास. आम्ही पुढं तीन महिने कागदी रजिस्टरावरून एकेक लॉट पुन्हा भरत बसलो.

तेव्हापासून दर गुरुपौर्णिमेला तुझं कार्ड येतं. नऊ झाली. तुझ्या काकूनं, द्वारकाबाईनं, ती देव्हाऱ्यामागं जपून ठेवलीत. प्रत्येकावर तेच वाक्य, "त्या दिवशी तुम्ही एकटे माझ्या बाजूनं उभे राहिलात." या रविवारी मी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. मंग म्हणाली, "पोरगी नऊ सालांपासून तुमच्या पाया पडून राह्यली, अन् तुम्ही पडू देऊन राह्यले!" सोमवारी सकाळच्या एसटीनं जालन्याला गेलो. काकासाहेबांना आता कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. ते म्हणाले, "बद्री, मला सांगून काय उपेग? जिचं हाय तिला सांग."

म्हणून तुला सांगतो. त्या दिवशी तू डबा खायला गेलीस. सकाळी काकासाहेबांना एक लॉट दाखवायला मी तुझ्याच मशीनवर खऱ्या डेटाबेसची खिडकी उघडली होती आणि तशीच ठेवली होती. टेबल उडवायचा मजकूर तू कागदावर लिहून ठेवला होतास. म्हटलं, पोरगी जेवून येईपर्यंत उरकून टाकू, तेवढाच तिचा भार हलका. तुझ्या खुर्चीवर बसलो, समोर दिसली त्या खिडकीत तो मजकूर लिहिला, बटण दाबलं आणि मंग वर लिहिलेलं नाव बघितलं. सकाळचीच ती खरी खिडकी. खिडकी बंद करून टाकली. तू ओढणीला हात पुसत आलीस, तुझ्या खिडकीत तेच काम पुन्हा केलंस, आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो. धर्मराज ओरडला तेव्हा बोलायला तोंड उघडलं होतं, पण मनात आलं, तिच्याकडं पदवी आहे, तिला कुठंही काम मिळेल. मॅट्रिक नापास बद्रीला कोण ठेवेल? मंग माझीच चूक तुझ्या नावावर टाकून तुझ्यासाठी दया मागितली. सोबतच्या कागदावर हे सगळं सही करून दिलंय. तुझ्या साहेबांना दाखवावंसं वाटलं तर खुशाल दाखव. या वर्षीचं कार्ड पाठवू नकोस. तुझ्या पत्रावर मात्र माझं एकच उत्तर आहे, हो म्हण. तुझ्या हातानं काहीही चुकलं नव्हतं. तू बटण दाबलंस तेव्हा तुझ्या खिडकीवर 'सराव' असंच लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं.

तुझाच, हे अजून म्हणू देशील तर,
बद्रीनाथकाका